थायरॉइडचं औषध: गोळी सोसेना, पातळ औषध घशाखाली उतरेना

वाचकांचे प्रश्न, फार्मासिस्टची उत्तरं

प्रश्न: माझी आई ७२ वर्षांची आहे. १९७८ पासून इंग्लंडात, आता वेंब्लीला एकटी राहते. मी मिल्टन कीन्सला. ती १४ वर्षं थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची मात्रा घेते, ५० ची एक आणि २५ ची एक गोळी. कधी काही तक्रार नव्हती. गेल्या उन्हाळ्यापासून फार्मसीतून दर वेळी वेगळ्याच कंपनीचं खोकं यायला लागलं. त्यातल्या एकानंतर अंगावर पित्त उठायला लागलं आणि पोटही बिघडलं. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, हातापाया पडून पातळ औषध मिळवलं. त्यात ५ मिलीला २५ मायक्रोग्रॅम, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी १५ मिली. पित्त थांबलं, पण हे औषध गोड, चिकट. घेतलं की मळमळ आणि जळजळ, पुढे जुलाब. शेवटी आईने सगळंच बंद केलं. तीन आठवडे झाले. ‘बंद केल्यावर आठवडाभर किती बरं वाटलं गं’ असं तीच सांगते. आता टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, हार्मोन कमी पडलं की आकडा चढतो) १८ आलंय. मामा पुण्याहून गोळ्यांची बाटली पाठवतो म्हणतोय. बहीण न्यू जर्सीत आहे, ती म्हणते तिकडे पाण्यासारखं पातळ औषध मिळतं. आम्ही नेमकं कोणतं पातळ औषध मागावं?
— एक मुलगी, मिल्टन कीन्स

उत्तर: बाटल्यांचं नंतर बघू. आधी त्या तीन आठवड्यांचं बोलू.

उद्या सकाळी आठला जीपीच्या फोनच्या रांगेत लागा आणि ‘आईने थायरॉक्सिन तीन आठवडे घेतलेलं नाही, टीएसएच १८ आहे’ एवढं एकच वाक्य आधी सांगा. पित्ताची कहाणी मागून. रिसेप्शनवरची बाई पहिलं वाक्य लिहून घेते, पाचवं नाही, हे मी काउंटरच्या अलीकडून २२ वर्षं बघतेय. आणि मनानेच पुन्हा ७५ सुरू करू नका. खंड पडल्यावर या वयात पूर्ण मात्रा एकदम द्यायची की खालून चढवायची, हे हृदय कसं आहे ते बघून डॉक्टरच ठरवतील. आई फार गुंगीत वाटल्या, अंग गार पडलं, बोलणं जड झालं किंवा छातीत दुखलं तर मात्र कुणाच्या फोनची वाट बघायची नाही, थेट ९९९ हा आणीबाणीचा नंबर.

आता ‘आठवडाभर बरं वाटलं’ याबद्दल. आईंना खोटं पाडू नका, त्यांना खरंच बरं वाटलेलं असणार. थायरॉक्सिन, म्हणजे या औषधातलं हार्मोन, शरीरातून फार सावकाश ओसरतं. घेतलेलं निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे औषध बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात हार्मोनचा साठा बऱ्यापैकी शाबूत होता आणि बाटलीतलं बाकीचं सगळं पोटातून केव्हाच निघून गेलं होतं. दुसऱ्या आठवड्याअखेर साठा चौथ्या हिश्श्यावर येतो, तिसऱ्याअखेर आठव्यावर. बरं वाटल्याचं श्रेय औषध सोडण्याला मिळतं आणि नंतर येणारा थकवा, थंडी, बद्धकोष्ठता वयाच्या नावावर जमा होते. हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की आता कुणी ‘थायरॉइडची गोळी सोडली आणि झकास वाटतंय’ म्हणालं की मी आधी विचारते, ‘किती दिवस झाले?’

पण त्याच आठवड्याने तुम्हाला एक धागाही दिलाय. औषध सोडल्यावर चार दिवसांत मळमळ गेली असेल, तर ती थायरॉक्सिनमुळे होती असं म्हणणं अवघड आहे, कारण चार दिवसांत ते फारसं कमी झालेलंच नसतं. दोष बाटलीतल्या बाकीच्या सामानाचा. तेच गोळीचं. गोळीवर पित्त उठलं, बाटलीवर थांबलं. हार्मोन दोन्हीकडे तोच. मग गोळीत असं काहीतरी होतं जे बाटलीत नव्हतं.

ते काय, हे शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. रविवारी वेंब्लीला जा आणि आईंना औषधांची रिकामी खोकी काढायला सांगा. आपल्या बायका खोकी टाकत नाहीत, त्यात बटणं, टिकल्या, रबरबँड निघतील. प्रत्येक खोक्यातला तो घडीघडीचा कागद उघडा. शेवटच्या, म्हणजे सहाव्या भागात औषधाशिवाय गोळीत काय काय आहे त्याची यादी असते. पित्ताच्या आधीची गोळी आणि नंतरची गोळी, दोन याद्या शेजारी ठेवून पेन्सिलीने फरक खुणा करा. नव्या गोळीत लॅक्टोज (दुधातली साखर) नसून मॅनिटॉल (दुसरा एक गोडसर भराव) असेल असा माझा तर्क आहे. इथल्या बहुतेक थायरॉइडच्या गोळ्यांत भराव म्हणून लॅक्टोज असतं. २०१६ पासून बिनलॅक्टोजची गोळीही मिळते, तिच्यात त्याऐवजी मॅनिटॉल आहे. काहींना ती मानवते म्हणून त्यांना सोन्यासारखी वाटते, काहींना अजिबात चालत नाही. पण तर्क तो तर्क. कागद काय सांगतो ते बघा.

‘लॅक्टोजच असेल’ असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच विचारते: आई दूध घालून चहा पितात? दही-ताक चालतं? एका गोळीत लॅक्टोज असून असून साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. कपभर दुधात नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे शंभर पट. जी बाई संध्याकाळी वाटीभर दहीभात खाऊन सुखाने झोपते, तिच्या पोटाने गोळीतल्या चिमूटभर लॅक्टोजवर रुसावं हे मला पटत नाही.

आणखी एक शक्यता, जी जीपीच्या कानावर घालायलाच हवी. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइड बिघडलेल्यांना, म्हणजे हाशिमोटोवाल्यांना, अंगावर पित्त उठण्याचा त्रास औषधाशिवायही जास्त आढळतो. पित्त, पोट आणि टीएसएच एकाच हंगामात बिघडलं तर सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची, रक्ततपासणी मागून घ्या. सीलिॲक हा हाशिमोटोचा जुना सोबती आहे. मात्र तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू आधीच सोडला तर तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

आता बाटली. पातळ म्हणजे सौम्य, हा आपला समज लहानपणीच्या काढ्या-सिरपांतून आलाय. थायरॉक्सिन पाण्यात धड विरघळत नाही आणि विरघळलं तरी टिकत नाही, म्हणून त्याला ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, लागतं. तीच ती गोड, चिकट चव. शिवाय काही द्रावणांत ती बुरशी-जंतूंपासून टिकावीत म्हणून पॅराहायड्रॉक्सिबेंझोएट हे परिरक्षक असतं. ग्लिसरॉल जास्त झालं की मळमळ, जुलाब, डोकेदुखी. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या नावात शोधण्याआधी मापात शोधा.

इथे हे औषध मुख्यतः तीन ताकदींत मिळतं: ५ मिलीला २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम. आईंना हवेत ७५. पहिल्या ताकदीत १५ मिली, दुसरीत साडेसात, तिसरीत पावणेचार. आईंना नेमकी सगळ्यात पातळ बाटली मिळाली आणि त्या रोज सकाळी रिकाम्या पोटात तीन चमचे ग्लिसरॉलचं पाणी ओतत होत्या! हार्मोन तेवढंच ठेवून बाकीचं सामान निम्मं किंवा चौथाई करता येतं. मी असते तर ५ मिलीला ५० वाली मागितली असती. साडेसात मिली सिरिंजवर नीट दिसतं. पावणेचार मोजताना म्हाताऱ्या डोळ्यांची परीक्षा होते. तरीही पोट कुरकुरलं तर मग १०० वाली, आणि फार्मासिस्टकडून सिरिंजवर बरोबर त्या रेघेपाशी खूण करून घ्यायची.

ताकद बदलली की मात्र घरातल्या जुन्या बाटल्या त्याच दिवशी फार्मसीत परत. २५ वालीचं माप १०० वालीला लावलं तर एका घोटात चौपट औषध जातं.

यातली चूक परक्यांच्या घरी होते असं मी समजत होते. माझ्या सासूबाई लेस्टरला होजिअरीच्या कारखान्यात आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. सुई-दोऱ्यात एक टाका इकडचा तिकडे होऊ देणार नाहीत. शेवटी शेवटी त्यांना गोळी गिळायला जड जायला लागली, म्हणून पातळ औषध सुरू केलं: रोज ५ मिली, ५० मायक्रोग्रॅम. मी स्वतः सिरिंज दाखवली, ओढून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि मी गेल्यावर ती सिरिंज ड्रॉवरमध्ये टाकली. ‘मला काय इंजेक्शन टोचून घ्यायचंय?’ घरातला पोह्यांचा स्टीलचा चमचा त्यांनी औषधाला नेमून दिला.

दोन महिन्यांनी गणपती. त्या उकडीचे मोदक वळायला बसल्या आणि पारी फाटायला लागली. एक फाटली, दुसरी फाटली. उकड बिघडली म्हणून त्यांनी मला दोष दिला. मी बघितलं तर बोटं थरथरत होती. मनगट धरलं, नाडी सशासारखी पळत होती. टीएसएच ०.०५ आलं. त्या रात्री मी तो चमचा घेऊन सिंकपाशी उभी राहिले आणि सिरिंजने पाणी मोजून त्यात भरलं. काठोकाठ ९ मिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर दुसऱ्यांना मापं समजावणारी सून, आणि घरात सासू जवळजवळ दुप्पट औषध घेतेय. चमचा नंतर पोह्यांकडे परत गेला, आणि सिरिंजला आम्ही ‘पिचकारी’ म्हणायला लागलो तेव्हा कुठे त्यांनी ती हातात धरली.

तेव्हा आईंना सिरिंज द्याल ती सुई नसलेली, तोंडाने घ्यायच्या औषधाची, आणि पहिले चार दिवस व्हिडिओवर बघा त्या किती ओढतात ते. गोळीवरून पातळवर गेल्यावर औषध काहींच्या आतड्यातून जास्त शोषलं जातं, म्हणून तीच मात्रा जास्त ठरू शकते. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायचंच. त्याआधी तपासून उपयोग नाही, आकडा स्थिर झालेला नसतो. आणि या दीड-दोन महिन्यांत दुसरं काही बदलायचं नाही. नवी बाटली, नवं कॅल्शियम, कुणीतरी सुचवलेलं सोया पीठ असं एकदम सुरू केलं की पोट बिघडल्यावर पकडणार कुणाला? कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या औषधापासून चार तास लांब. ईसबगोल घेत असतील तर तेही लांबच, ते औषध धरून ठेवतं. चहा अर्ध्या तासाने, आणि मला माहितेय की हे सगळ्यात कठीण आहे.

जीपी पातळ औषधाला का कां-कूं करतात? पैसे. गोळ्यांचं महिन्याचं खोकं एक-दोन पौंडांत येतं, बाटली त्याच्या कैक पट. आईंचं वय साठच्या वर, त्यांना सगळं फुकटच मिळतं, पण एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, ते भरावं लागतं. म्हणून नुसतं ‘गोळी सोसत नाही’ म्हणू नका. तारखा लिहून न्या: अमुक दिवशी अमुक कंपनीची गोळी सुरू, अमुक दिवशी पित्त, बंद केल्यावर अमुक दिवशी गेलं. हवे तर पित्ताचे फोटो. मे २०२१ मध्ये एमएचआरए या इथल्या औषध नियामक संस्थेनेच डॉक्टरांना सांगितलंय की, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत अदलाबदल झाल्यावर ज्यांना त्रास होतो त्यांना सोसणारी एकच गोळी कंपनीच्या नावानिशी लिहून द्यायचा विचार करा, आणि तरीही त्रास राहिला तर पातळ औषधाचा. ‘एमएचआरएची मे २०२१ ची सूचना’ एवढे शब्द पुरेत, आवाज चढवायची गरज नाही.

आणि त्या सूचनेचा क्रम नीट बघा. पहिली पायरी बाटली नाहीच. आईंना १४ वर्षं एक गोळी सोसली होती! ती कोणत्या कंपनीची, हे जुन्या खोक्यावर छापलेलं आहे. माझ्या मते तुम्ही मागायची गोष्ट ती: तीच गोळी, प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावासकट. नुसतं ‘लेव्होथायरॉक्सिन’ हे औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असेल तर फार्मसीत त्या दिवशी जे फडताळात असेल ते मिळतं, त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. नाव लिहिलेलं असेल तर आम्हाला तेच द्यावं लागतं. औषध नेहमी एकाच फार्मसीतून घ्या आणि त्यांच्या संगणकावर टीप टाकून घ्या. ती गोळी बाजारातून गेलीच असेल, तर मग ५० वाली बाटली.

हे सगळं मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर त्यांना फ्रान्सची आठवण करून द्या. २०१७ मध्ये तिथे लेव्होथायरॉक्स या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. हार्मोन तेच. तीस लाखांच्या आसपास लोक ती गोळी घेत होते आणि तक्रारी हजारोंनी आल्या. शेवटी जुन्या धर्तीची गोळी बाहेरून आणून ठेवावी लागली. त्यातलं किती सामानामुळे, किती भीतीमुळे, यावर तिथे वाद झाला. पण आईंच्या अंगावरचे लाल चट्टे वादाचा विषय नाहीत. ते ‘यलो कार्ड’वर तुम्ही स्वतःही एमएचआरएला कळवू शकता, डॉक्टरच लागतात असं नाही.

मामांना सांगा, बाटली नको. पुण्याची गोळी वाईट असते म्हणून नव्हे. ती तिसरी कंपनी, तिसरं सामान, प्रवासात उन्हात तापलेली, आणि तुमच्या जीपीच्या नोंदीत नसलेली. बहिणीचं मात्र खरं आहे. अमेरिकेत थायरॉक्सिन, ग्लिसरॉल आणि पाणी एवढंच असलेलं द्रावण एकेका दिवसाच्या छोट्या कुप्यांत मिळतं, आणि तसल्याच मोजक्या सामानाची मऊ कॅप्सूलही. पण कॅप्सूलच्या वेष्टनात जिलेटिन, म्हणजे प्राण्याचं. आई शाकाहारी असतील तर तिचं नावही काढू नका. कुरिअरने कुप्या मागवण्यापेक्षा त्यावरच्या सामानाची यादी इथल्या फार्मासिस्टला दाखवा आणि तिच्या सगळ्यात जवळ जाणारी, बिनपरिरक्षकाची बाटली इथे कोणती मिळेल ते विचारा.

जाता जाता आईंना एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. थायरॉइडचं पहिलं औषध पातळच होतं, आणि ते इंग्लंडातच, न्यूकॅसलला, १८९१ मध्ये दिलं गेलं. जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ग्लिसरीनमध्ये काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. पुढे तिने तो तोंडाने घेतला. ती आणखी २८ वर्षं जगली आणि तेवढ्यात ८७० हून जास्त मेंढ्या तिच्यापायी लागल्या. तेव्हाही ग्लिसरीनच. चवीचं काय म्हणाली ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

प्रश्न: आमची नात तीन आठवड्यांची आहे. जन्मानंतरच्या रक्ततपासणीत थायरॉइड कमी निघालं. डॉक्टरांनी गोळी चुरडून द्यायला सांगितलंय. एवढ्याशा जिवाला गोळी? औषधवाल्याकडून तिचं सिरप बनवून घेतलं तर?
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर: आजी, सिरप बनवून घेऊ नका. हे औषध पाण्यात टिकत नाही आणि तळाला बसतं. आज कमी जाईल, उद्या जास्त. गोळी चुरडून देणं ही जुगाडाची पद्धत नाही, जगभर तान्ह्या बाळांना अशीच देतात.

दोन स्वच्छ चमच्यांमध्ये गोळी चुरडा, आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे थोडे थेंब घाला आणि लगेच बोंडल्याने किंवा छोट्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला सोडा. मग चमच्याला चिकटलेलं आणखी चार थेंबांनी धुऊन तेही द्या. दुधाच्या भरल्या बाटलीत कधीच मिसळायचं नाही. बाळ अर्ध्यात झोपलं तर औषध किती गेलं ते देवालाच ठाऊक. उद्यासाठी कालवून ठेवायचं नाही. लोहाचे थेंब किंवा सोयाचं दूध डॉक्टरांनी सांगितलं असेल तर औषधाची वेळ त्यांना विचारून वेगळी ठेवा. औषध देताच बाळाने सगळं ओकलं तर पुन्हा द्यायचं की नाही, तेही आत्ताच विचारून ठेवा, रात्री फोन करायची वेळ येणार नाही.

आणि जायफळ उगाळून त्याच बोंडल्यात घालायचं मनात असेल तर ते राहू द्या.